आधी टेकू

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार घातला असं समज. प्रत्यक्ष घालायला जागा नाही. खोलीभर बूट, मोजे आणि एक चिखलाचा पट्टा वाळत पडलाय.

बातमी आधी सांगते. मी पथकप्रमुख झाले, महामार्गावरच्या बचाव पथकाची. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे आता ऑफिसात बसायचं ना?" तुला फोन करण्यात अर्थ नाही. तू निम्मं ऐकतेस आणि उरलेलं मनाने जोडतेस. मागच्या वेळी मी 'बढती' म्हटलं तर तू गल्लीभर माझी कुठेतरी 'भरती' झाली म्हणून सांगून आलीस. म्हणून हे पत्र.

काल सकाळी पहिली मोठी वर्दी आली. भरावाच्या उतारावर एक मोटार कुशीवर पडली होती. आत एक दातांचे डॉक्टर, एकटेच, सीटच्या पट्ट्यात लटकलेले. आम्ही पोचलो तेव्हा रस्त्यावरची माणसं गाडीला खांदा लावून उभी होती आणि 'एक, दोन' चालू झालं होतं. मी अशी शिट्टी फुंकली की तुलासुद्धा ऐकू आली असती.

"सरळ करून टाकतो ना गाडी," एकजण म्हणाला. "मग काढा आरामात."

"आत माणूस आहे हो, पोतं नाही," मी म्हटलं.

सगळ्यांना वाटतं, आम्ही गेलो की दार तोडतो. मी आधी दाराला हात लावत नाही. हात पाठीमागे धरून गाडीभोवती एक चक्कर मारते. तेल कुठून गळतंय, तार कुठे लोंबतेय, गाडी कशावर टेकलीय आणि कशावरून सुटू शकते, ते बघते. मग तिला आहे तशीच पक्की करायची. छपराच्या कडेखाली लाकडी पाचरी, चाकांच्या बाजूने ठोकळे, पोटाला दोन लोखंडी टेकू, आणि टेकूंना पट्टा. पट्टा आवळला की गाडी जमिनीचाच भाग झाली पाहिजे. आत जायचं ते त्यानंतर.

डॉक्टर आतून ओरडत होते, "सुतारकाम नंतर करा, आधी मला काढा!" आणि बाहेर आमचा पैलवान. हा पथकातला सगळ्यात जुना माणूस, मी शाळेत होते तेव्हापासून माणसं बाहेर काढतोय. खांदे दाराएवढे. चार लोकांसमोर मोठ्याने म्हणाला, "मॅडम, घर बांधायला घेतलंत का?"

मी म्हटलं, "हो. तुम्ही डावीकडचा टेकू धरा."

धरला त्याने, पण तोंड असं केलं की जणू मी त्याला भांडी घासायला बसवलंय. डॉक्टर गळपट्टीचं हाड मोडून बाहेर आले, बाकी ठणठणीत. स्ट्रेचरवरून जाता जाता पैलवानाच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "खालचा दात काढायला लागेल. येऊन जा." पैलवान दिवसभर जिभेने तो दात चाचपत होता.

त्याचं म्हणणं, मी नसते तर त्याने निम्म्या वेळात काढलं असतं. काढलंही असतं. पण आधी टेकू का लावायचे, हे त्याला पटवल्याशिवाय मी राहणार नाही.

तुझी मुंगी


१५ फेब्रुवारी

चि. मुंगीस,

अनेक आशीर्वाद, आणि 'भरती'बद्दल एक धपाटा उधार.

पथकप्रमुख झालीस, छाती भरून आली. गल्लीत या वेळी कागद हातात घेऊन वाचून दाखवलं, म्हणजे चूक होणार नाही. आमच्या समोरच्या भाड्याच्या गाडीवाल्याने विचारलं, "म्हणजे आम्ही पडलो की तुमची भाची येणार?" मी म्हटलं, तू ज्या वेगाने चालवतोस त्या वेगाने पडायलासुद्धा तुला जमायचं नाही. इतकी सावकाश चालवतो तो की बैलगाडीवाले मागून ओरडतात.

पण मुंगे, खरं सांगू? मला तुझा पैलवान बरोबर वाटतो. माणूस आत तळमळतोय आणि तू बाहेर लाकडं जुळवतेस? त्या डॉक्टरच्या जागी मी असते तर तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता, आणि त्यातल्या काही माझ्याच आहेत हेही विसरले असते.

मी छापखान्यात कामाला होते तेव्हा एकदा एका मुलीची ओढणी यंत्रात ओढली गेली होती. मी काय आधी यंत्राला टेकू लावत बसले? धावले, खटका खाली केला, कात्री घेतली, ओढणी कापली. झालं. ती मुलगी आज नातवंडं खेळवते. संकटात हात चालला पाहिजे, डोकं मागून येतं.

तू प्रमुख झालीस म्हणून तुझंच खरं असं नाही. म्हाताऱ्या माणसाचं ऐकत जा. पैलवानाचंही आणि माझंही.

पुढच्या महिन्यात छापखान्याच्या बांधणी खात्यातल्या माझ्या मैत्रिणीकडे जाणार आहे, पलीकडच्या गावाला. गाडीवाल्याला सांगून ठेवलंय. सकाळी निघालो की संध्याकाळपर्यंत पोचू असं दिसतं.

तुझी आत्या


२६ फेब्रुवारी

ती. आत्यास,

नमस्कार. तुझं पत्र मी पैलवानाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बाई शहाण्या आहेत." तुझा फोटो मागत होता, दिला नाही.

आता माझं ऐक. ओढणी अडकली तेव्हा तू आधी काय केलंस? तूच लिहिलंयस. खटका खाली केलास. कात्री नंतर. यंत्र चालू ठेवून ओढणी कापायला गेली असतीस तर तुझाही हात गेला असता आणि तिचीही मान. खटका हाच तुझा टेकू होता, आत्या. फक्त पडलेल्या गाडीला खटका नसतो, तो आम्हाला बाहेरून बसवावा लागतो.

लोकांना वाटतं, गाडी पडली म्हणजे पडून झाली. तसं नसतं. तिचं पडणं अर्धवट राहिलेलं असतं. कुठल्यातरी दगडावर, झुडपावर, खांबावर ती नुसती थांबलेली असते. कुणी दार ओढलं, कुणी वर चढलं, आतल्या माणसाने कूस बदलली, की राहिलेलं पडणं ती पुरं करते. आणि आतल्या माणसाचं मोडलेलं हाड तोवर निदान एका जागी असतं. गाडी बोटभर सरकली तर ते हाड कुठे जाईल याचा नेम नसतो. चाकांवर उभी असलेली गाडीसुद्धा स्प्रिंगांवर डुलते. म्हणून आम्ही तिच्या पोटाखाली ठोकळे ठेवून चाकांतली हवा सोडतो, म्हणजे ती ठोकळ्यांवर बसते. हे पहिल्यांदा केलं तेव्हा पैलवान म्हणाला, "चांगल्या टायरांची वाट लावली."

त्याला तोंडाने सांगून उपयोग नव्हता. आमच्या अंगणात सरावासाठी एक भंगार मोटार आहे. मंगळवारी ती कुशीवर पाडली आणि म्हटलं, "पैलवान, आज तुम्ही जखमी."

"मी?"

"तुमच्याएवढा जखमी काढता आला तर आम्हाला कुणीही काढता येईल."

सगळे हसले म्हणून तो गेला आत, कसाबसा, मागच्या काचेतून. गळ्याला पट्टा लावला. मग मी बाकीच्यांना सांगितलं, टेकूबिकू काही लावू नका, पैलवान पूर्वी काढायचे तसं काढा. एकजण वर चढला, दुसऱ्याने छप्पर ओढलं, तिसऱ्याने दाराला पहार घातली. आतून अशा शिव्या आल्या की शेजारच्या कारकुनाने खिडकी लावून घेतली. "थांबा" म्हटलं. पाचरी मारल्या, टेकू लावले, पट्टा आवळला, आणि पुन्हा तेच सगळं केलं. या वेळी आतून एक शब्द नाही.

बाहेर आला, तांब्याभर पाणी प्यायला आणि कुणाशी न बोलता घरी गेला. मला वाटलं, दुखावला. दुसऱ्या दिवशी सकाळी आले तर हा पठ्ठ्या ठोकळ्यांच्या ढिगापाशी मांडी घालून बसलेला. प्रत्येक ठोकळा घासून गुळगुळीत केलेला, आणि जाडीप्रमाणे रंग: पातळ ते पिवळे, मधले हिरवे, जाड ते लाल.

"हे काय?" मी विचारलं.

"हाताला कुसळं लागतात," तो म्हणाला. "आणि रंग घरी उरला होता."

मीही पुढे काही विचारलं नाही. जिंकल्यावर गप्प बसायचं, हे मी तुझ्याकडूनच शिकले. म्हणजे तू तसं कधी करत नाहीस ते बघून.

मैत्रिणीकडे जाऊन आलीस की सविस्तर लिही.

तुझी मुंगी


२५ मार्च

आत्या,

मागच्या पत्राला उत्तर नाही, त्यानंतर टाकलेल्या कार्डालाही नाही. बाबा म्हणतात, "ती मैत्रिणीकडे रमली असेल." रमलीस तर रमलीस, दोन ओळींनी काय बिघडतं? की खटक्यावरून रागावलीस? हरल्यावर इतके दिवस गप्प बसणारी तू नव्हेस. लगेच लिही.

मुंगी


२ एप्रिल

चि. मुंगीस,

आशीर्वाद. अक्षर वेगळं बघून दचकू नकोस. उजव्या हाताचं बोट दारात चेमटलं आहे, म्हणून सांगतेय मी आणि लिहितोय आमच्या गल्लीतला एक गृहस्थ. त्याला सध्या काम नाही आणि अक्षर बरं आहे. माझ्यापेक्षा तर बरंच.

रागावलेली वगैरे नाही. खटक्याचं तुझं म्हणणं मान्य. एकदाच लिहितेय, पुन्हा विचारू नकोस.

बसल्या बसल्या तुझ्या कामाचा विचार करत होते. दोन-तीन गोष्टी सांग. आतला माणूस आडवा असेल तर त्याच्याशी कोण बोलतं, आणि कुठून? त्याला दिसेल असं समोर बसतात, की नुसतं मागून हाक मारतात? आणि पाचर घट्ट बसली की ते पाठीत कळतं, तसं सगळ्यांना कळतं का? की काहीजणांना त्या वेळी काहीच कळत नाही?

सहज विचारतेय. वेळ जात नाही.

मैत्रीण मजेत आहे. तुझी तब्येत सांभाळ. पैलवानाला नमस्कार.

तुझी आत्या


८ एप्रिल

आत्या,

समोर बसतात. एकाला तेवढंच काम असतं. तो काचेसमोर गुडघे टेकतो, नजर धरतो, आणि शेवटपर्यंत हलत नाही. आतल्या माणसाला मान वळवावी लागू नये म्हणून.

आता माझा प्रश्न. पाचर बसल्याचं पाठीत कळतं, हे तुला कुणी सांगितलं?

मी लिहिलं नव्हतं. मलाच ठाऊक नव्हतं. तुला ते ठोकळ्यांचं पत्र टाकल्यानंतर एका संध्याकाळी पैलवान बंब धुता धुता आपणहून म्हणाला, "मॅडम, पाचर बसली ना, की पाठीत कळतं." अगदी याच शब्दांत. इतकी वर्षं मी बाहेरून पाचरी मारतेय, मला ते कळलेलं नाही. ते आत असलेल्या माणसालाच कळतं.

बोट दारात चेमटलं म्हणे. कुठल्या दारात?

उलट टपाली सगळं लिही. नाहीतर मी रजा टाकून दारात उभी राहते, आणि मग गल्लीला माझी शिट्टी ऐकायला मिळेल.

मुंगी


१५ एप्रिल

चि. मुंगीस,

सापडले. पोलिसात का गेली नाहीस तू?

बोट नाही, हात. उजवा, कोपराच्या खाली दोन ठिकाणी. आत धातूची पट्टी बसवली आहे. दोन बोटांना आपण कुणाची आहोत हे अजून समजलेलं नाही, पण डॉक्टर म्हणतात समजेल. बाकी मी आहे तशीच आहे, हे पत्र वाचून तुझ्या लक्षात येईलच. कळवलं नाही, कारण तू नुकती प्रमुख झाली होतीस. पळत आली असतीस आणि इथे बसून माझं डोकं खाल्लं असतंस.

मैत्रिणीकडे निघालो होतो. गाडीवाला पुढे, मी मागे. कालव्याच्या कडेचा रस्ता, समोरून ओंडक्यांनी भरलेला ट्रॅक्टर आला. याने बिचाऱ्याने बाजूला घेऊन वाट दिली, आणि कडेची माती खचली. गाडी कुशीवर आडवी झाली, कालव्याच्या उतारावर. जोरात नाही गं. म्हातारा माणूस अंथरुणावर कलंडतो तशी. माझी बाजू खाली. काच फुटली, सावरायला टाकलेला हात बाहेर गेला आणि दाराच्या कडेखाली सापडला. गाडीवाला वरच्या बाजूला पट्ट्यात लटकलेला, त्याचा चष्मा माझ्या मांडीवर, आणि कानातलं यंत्र उडून कुठे गेलं देवाला माहीत.

खाली कालवा दिसत होता. पाणी शांत होतं.

माणसं धावली. ट्रॅक्टरवरची, शेतातली, कुठून कुठून. ऐकू काही येत नव्हतं, पण काचेतून पाय दिसत होते, आणि ते पाय एका ओळीत उभे राहायला लागले. तुझं पहिलं पत्र आठवलं. हे आता खांदा लावणार. गाडी थोडी उचलणार, कुणाचा तरी पाय घसरणार, आणि ती परत खाली येणार, माझ्या हातावर. नाहीतर सगळीच घरंगळत पाण्यात.

मुंगे, मी ओरडले. छापखान्यातली सगळी यंत्रं चालू असताना दुसऱ्या टोकाच्या माणसाला ऐकू जायचा तो आवाज. "हात काढा! गाडीला जो हात लावेल त्याला मी बाहेर आल्यावर बघून घेईन!"

पाय थांबले.

मग मी हुकूम सोडायला लागले. गाडीवाल्याला म्हटलं, चावी बंद कर आणि लटकत राहा, हलू नकोस. बाहेरच्यांना म्हटलं, ट्रॅक्टरवरचे ओंडके उतरवा. उताराच्या बाजूला आधी. छपराखाली, चाकांखाली, जिथे जिथे फट दिसेल तिथे. ठोकून बसवा, पण गाडीला धक्का लावू नका. ट्रॅक्टरवाला हातवारे करत होता. माझी समजूत, त्याला दोर लावून ओढायचं होतं. "ओढायचं नाही!" म्हटलं. "दोर बांध, ताण घे आणि नुसतं धरून ठेव!" लोक काय बोलत होते, विरोध करत होते की हो म्हणत होते, मला काही ऐकूच येत नव्हतं. फार बरं झालं. माझ्याशी वाद घालायची कुणाला सोयच उरली नाही.

एक शेतकरीण होती, डोक्याला फडकं बांधलेली. तिला म्हटलं, "तू इथे समोर बस. माझ्याकडे बघ." ती चिखलात पालथी पडली आणि बघत राहिली. तिच्या गालावर गवताची काडी चिकटली होती. ती मला आजही दिसते.

मग ओंडका बसला, आणि पाठीत कळलं. तोवर सगळी गाडी बारीक थरथरत होती, आणि मला वाटत होतं मीच थरथरतेय. ते एकदम थांबलं. पहिल्यांदा मी श्वास घेतला.

तेवढ्यात कडेची आणखी माती गेली. मोठा लचका. समोरच्या बाईचे डोळे मोठे झाले, पण ती उठली नाही. गाडी कचकन ओंडक्यांवर दबली, दोर ताठ झाला, आणि ती तिथेच राहिली. गेली नाही, मुंगे. कालव्यात गेली नाही.

मग तिथलं बचाव पथक आलं. तुझ्यासारखंच, आधी एक चक्कर. प्रमुख खाली वाकून बराच वेळ ओंडके बघत होता. ते कुणी लावले म्हणून त्याने विचारलं असावं, कारण सगळ्यांनी एकाच वेळी माझ्याकडे बोट दाखवलं. मग त्यांनी त्यांचे टेकू लावले, उशीसारखं काहीतरी फुगवून गाडी केसभर उचलली आणि माझा हात सोडवला.

त्या वेळात मी ओरडले, रडले, सगळं केलं. पण घाई करा असं एकदाही म्हटलं नाही.

हे पत्र लिहिणारा तोच गाडीवाला आहे. पायाला खरचटण्यापलीकडे त्याला काही झालेलं नाही. पण गाडी दुरुस्त होऊन आली तरी हा स्टिअरिंगला हात लावत नाही. रोज येऊन माझ्यासमोर बसतो आणि म्हणतो, "माझ्यामुळे झालं." आत्ता हे वाक्य लिहायलाही तयार नव्हता. दम दिला तेव्हा लिहिलं.

पळत येऊ नकोस. रीतसर रजा घेऊन ये.

तुझी आत्या


२४ एप्रिल

आत्या,

तुझं पत्र आलं तेव्हा मी कामावर निघत होते. फाटकापाशी उभी राहून वाचलं, मग परत वाचलं, मग घडी घालून छातीच्या खिशात ठेवलं. कुणाला काही बोलले नाही. प्रमुखाने रडायचं नसतं असा माझा समज होता.

दुपारी वर्दी आली. एक मोटार उभ्या मालट्रकच्या मागच्या बाजूला शिरली होती, पुढची चाकं अधांतरी, नाक ट्रकखाली अडकलेलं, मोटारीचा चालक स्टिअरिंगवर बेशुद्ध. मागच्या सीटवर एक म्हातारी बाई, पांढरी वेणी, आणि एक हात पुढच्या सीटमध्ये अडकलेला.

मी चक्कर मारली नाही. इतकी वर्षं ज्यासाठी सगळ्यांशी भांडले, ते केलं नाही. मी सरळ पळत गेले. "आजी, आले मी, आले" असं काहीतरी बडबडत दाराच्या मुठीला हात घातला. आणि कुणीतरी माझा कमरेचा पट्टा मागून पकडला. पाय जमिनीवरून उचलले गेले असावेत, कारण मी एकदम गाडीपासून लांब उभी होते.

पैलवान. चढलेल्या आवाजात नाही, अगदी हळू म्हणाला, "मॅडम. आधी टेकू."

मी त्याच्याकडे बघितलं. म्हटलं, "तिचा हात..."

"दिसला. हात कुठे जात नाही. तुम्ही चक्कर मारा, मी ठोकळे काढतो."

मी चक्कर मारली. ट्रकचा चालक केबिनमध्येच बसलेला, इंजिन चालू, गियरमध्ये. त्याला पुढे घेऊन 'जागा करून द्यायची' होती. मी दार उघडून चावी काढून घेतली. आत्या, तो हातभर पुढे गेला असता तर अधांतरी गाडी खाली आपटली असती, आणि माझं अर्धं अंग दारातून आत असतं.

ट्रकच्या चाकांना अडसर लावले. गाडीखाली लाल ठोकळे, वर हिरवे, वर पिवळे. हाताला एकही कुसळ लागलं नाही. समोर गुडघे टेकून बसायचं काम मी त्या दिवशी स्वतः केलं आणि पथक पैलवानाच्या हातात दिलं. बाईंनी विचारलं, "इतका वेळ काय करताहेत ते?"

मी म्हटलं, "तुमची गाडी जमिनीला बांधताहेत. तुमच्या पाठीत कळेल बघा."

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "हो गं. कळलं."

हात वाचला. मोटार चालवत होता तो त्यांचा जावई, त्याच्या बरगड्या मोडल्यात, पण आता बोलतोय. सासूला म्हणाला, पुढच्या वेळी बसने जा.

परत आल्यावर मी पैलवानाला तुझं पत्र वाचायला दिलं. तो हळू वाचतो, ओठ हलवत. वाचून झाल्यावर म्हणाला, "ताण घे आणि नुसतं धरून ठेव. हे मला कधी सुचलं नसतं." मग म्हणाला, "आज तुम्ही चुकलात असं नाही मॅडम. आपल्या माणसाच्या वेळी दुसऱ्याने धरायचं असतं. त्यासाठीच पथक."

मग मी रडले. प्रमुख असूनही. काही बिघडलं नाही. त्याने चहा आणला आणि दुसऱ्यांना सांगितलं, मॅडमच्या डोळ्यात डिझेल गेलंय.

रजा मंजूर झाली. रीतसर. शनिवारी पोचतेय. गाडीवाल्याला म्हणावं, मला त्याच्याशी बोलायचंय.

तुझी मुंगी


३० मे

मुंगे,

तू जाऊन इतके दिवस झाले, आणि पत्र आत्ता. कारण वाचशील.

तू इथे असताना गाडीवाल्याला बाहेर घेऊन गेलीस, काय बोललीस ते तुम्ही दोघांनीही मला सांगितलं नाहीत. मला ऐकू येत नाही याचा इतका फायदा घेऊ नये माणसाने. शेवटी मी त्याच्याकडून काढून घेतलंच. म्हणाला, "ताईंनी विचारलं, चावी कुणी बंद केली? पट्ट्यात आडवं लटकून, पट्टा बरगड्यांत रुतत असताना, न हलता कोण राहिलं? मी म्हटलं मी. तर म्हणाल्या, मग त्या गाडीला आतून टेकू तुम्ही होतात."

तरी गाडीपाशी जाईना. माती खचली त्याला तो काय करणार, हे त्याला डोक्याने पटत होतं, हाताला पटत नव्हतं.

मी आठवडाभर वाट बघितली. मग गेल्या सोमवारी सकाळी साडी नेसले, पर्स घेतली, हात गळ्यात अडकवला, आणि त्याच्या गाडीत मागे जाऊन बसले. त्याच बाजूला. दार लावून घेतलं. तो धावत आला. "कुठे जायचंय?"

"मैत्रिणीकडे. मागे राहून गेलं होतं."

"दुसरी गाडी बोलावतो."

"बोलाव. मी उतरणार नाही."

बराच वेळ तो बाहेर उभा राहिला. गल्लीतले लोक जमले. एकजण त्याला काहीतरी समजवायला पुढे झाला, तर मी काच खाली करून म्हटलं, "त्याला ढकलू नका." मग सगळे दोन पावलं मागे सरले. मी खिडकीतून नुसतं त्याच्याकडे बघत राहिले.

बसला शेवटी. पट्टा लावला. गाडी सुरू करण्याआधी त्याने चावी दोनदा लावून काढली. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि त्याने थांबवली. त्याने चष्मा पुसला. मग म्हणाला, "बाई, कालव्याच्या रस्त्याने की दुसऱ्या?"

"तू सांग," मी म्हटलं.

कालव्याच्या रस्त्याने गेलो. आता तिथे कठडा घालताहेत. आधीसारखाच सावकाश चालवत होता, एक बैलगाडी मागून ओरडली. मैत्रिणीने मला बघून आधी रडून घेतलं, मग जेवायला वाढलं.

तर असं आहे. बोटं अजून पुरती शुद्धीवर नाहीत, म्हणून हे पत्र डाव्या हाताने लिहितेय. चार दिवस लागले. अक्षर कावळ्याने शाईत पाय बुडवून नाचल्यासारखं झालंय हे मला दिसतंय, सांगू नकोस. मी काय करू? लिहून द्यायला तो आता घरी सापडतच नाही. सकाळी निघतो तो दिवे लागल्यावर परततो. काल म्हटलं, दोन ओळी तरी लिहून दे रे, तर गाडीतूनच हात हलवला आणि म्हणाला, "परवा बघू बाई, उद्याही भाडं आहे."

तुझी आत्या